किल्लारीचा धडा

1993 च्या भूकंपात किल्लारीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हा धडा महाड तालुक्यात किती मनावर घेतला गेला म्हणून सांगावे! 2005 च्या दरडीनंतर दासगावच्या आपद्ग्रस्तांना पत्र्याच्या शेड मिळाल्या, आणि डोक्यावरचे छप्पर हलकेच राहावे ही काळजी शासनाने वर्षानुवर्षे वाहिली. 22 जुलै 2021 ला याच तालुक्यातले तळिये दरडीखाली गाडले गेले, तोवर तंत्र पुढे गेले होते: राहायला कंटेनर. वैशाखात आत भाजून निघते म्हणे. भूकंपातही टिकणारे घर वर गारही हवे, हा हट्टच झाला!

आता पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना दरडीआधीच कंटेनर द्यावेत, म्हणजे पुनर्वसन आगाऊ उरकेल. शिवाय चाके लावावीत. साहेबांना पाहणीसाठी घाट चढायला नको. गावच मंत्रालयाच्या दारात नेता येईल. फक्त तिथे पार्किंग तेवढे मिळायचे नाही.