अधिवेशन आमच्या गल्लीत भरवा

डिसेंबर तोंडावर आला की बेळगावात थंडी पडते आणि डांबर पडतं. थंडी शहरभर सारखी असते. डांबर मात्र मंत्र्यांच्या गाड्या जिथून जायच्या, तेवढ्याच रस्त्यांवर.

हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, त्याचा हा प्रसाद. २०१२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी उद्‌घाटन केलेली ही इमारत वर्षातून दहा-बारा दिवस जागी होते. पण तेवढ्यात शहर कसं उजळतं! दुभाजकांना पट्टे येतात, बुंध्यांना चुना-गेरू लागतो, पथदिव्यांना आपण दिवे असल्याचं आठवतं. त्याच सुमारास, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारणारं पत्रही निघतं, आणि ते कधी उशिरा निघाल्याचं ऐकिवात नाही. नळाला पाणी सोडायचं काम त्याच टेबलाकडे द्यावं.

कारण पाण्याची तऱ्हा निराळी आहे. २००८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून ५८ पैकी १० वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. बाहेरगावची मंडळी ते बघायला येऊन गेली. उरलेल्या वॉर्डांतलीही बघून आली. चोवीस तासवाल्यांना नळ बंद करायचं भान ठेवावं लागतं, आम्हांला चोवीस तास कान उघडे ठेवावे लागतात. पावसाळ्यात शहराला पाणी देणारा राकसकोप जलाशय काठोकाठ भरतो, पुढारी गंगापूजन करतात, पेपरात फोटो येतो. तो बघून होईतो गल्लीत हाक येते, ‘पाणी आलंय काय वो?’

तशात आम्ही स्मार्टही आहोत. २०१६ मध्ये पहिल्या २० स्मार्ट शहरांत नंबर लागला. तेव्हापासून रस्ता आधी गुळगुळीत करायचा आणि मग पाइप घालायला फोडायचा, हे शास्त्र इथं चांगलंच विकसित झालं आहे. किल्ला तलावाकाठी २०१८ मध्ये ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला, अटारीच्या तेव्हाच्या स्तंभापेक्षा किंचित उंच. अभिमानानं मान वर करून जरूर बघावं, फक्त चालत चालत बघू नये.

अधिवेशनं या गावाला नवी नाहीत. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलं ते तेवढं एकच. जमणाऱ्या हजारोंना पाणी पुरवायचं म्हणून काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांड्यांच्या मंडळींनी विहीर खणली, तिला ‘पंपा सरोवर’ म्हटलं. पाहुणे गेले, विहीर राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच अधिवेशनाची शताब्दी आली. सरकारनं शहरभर दिव्यांच्या माळा सोडल्या. पाहुणे गेले, माळाही उतरल्या.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अधिवेशन सौधात न भरवता गल्लीगल्लीत फिरतं भरवा. सोमवारी वडगाव, मंगळवारी खासबाग, बुधवारी शहापूर. आमदारांची सोय घरोघरी करू, भाकरी-झुणका आमच्याकडे. बादली तेवढी ज्यानं-त्यानं आपली आणावी. आणि सभापतींना एक विनंती : प्रश्नोत्तरांचा तास नळ येण्याच्या वेळेला ठेवू नये. त्या वेळी गल्लीत उत्तरं ऐकायला कुणी मोकळं नसतं.