जीपेच्छु

सेकंडहँड थार घ्यावी की नाही, या एका प्रश्नावर ज्याने किमान दोन पावसाळे काढले आहेत, त्याला जीपेच्छु म्हणावं. लग्नेच्छु माणसाच्या मागे घरच्यांची घाई असते. याला घाई करणारं कोणी नसतं, उलट हा विषय असाच पुढे ढकलला जावा अशी घरच्यांची मनोमन इच्छा असते. बंगळुरात ही जमात व्हाइटफील्ड, बेलंदूर, सर्जापूर रोड, एचएसआर लेआउट या पट्ट्यात विपुल आढळते. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. गाव नाशिक, सातारा, कोल्हापूर नाहीतर बेळगाव, शिक्षण पुण्यात, नोकरी रिंग रोडवरच्या एखाद्या काचेच्या इमारतीत. कॉलेजात असताना कधीतरी राजगड-तोरणा झालेला असतो आणि ‘आपल्याला डोंगराचं वेड आहे’ हे वाक्य त्या एका ट्रेकच्या भांडवलावर पुढची वीस वर्षं चालतं. घरी एक गुणी हॅचबॅक असते. ती कधी बंद पडत नाही, तिचं पेट्रोल फारसं लागत नाही, ती कुठेही पार्क होते. आणि तिच्याबद्दल एकही तक्रार करता येत नाही, हीच त्याची तक्रार असते. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गाठ पडली की मित्र विचारतो, “काय रे, घेतलीस का?” हा म्हणतो, “बघतोय.” पुढच्या गणपतीलाही हाच संवाद होतो.

या माणसाची थट्टा करायची एक ठरलेली रीत आहे. तू डोंगरात जाणार कधी, चिखलात उतरणार कधी, मग चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी कशाला, असं त्याला विचारलं जातं. माझं म्हणणं असं की आरोप शंभर टक्के खरा आहे आणि तरीही त्याने गाडी घ्यायला हरकत नाही. कारण ज्या दोषासाठी आपण त्याला हसतो, त्याच दोषावर हा सगळा बाजार उभा आहे. तो अपवाद नाही, तो बाजारातलं मुख्य गिऱ्हाईक आहे. त्याची खरी चूक वेगळीच आहे, आणि ती गाडी तपासताना होते.

पुरावा जुन्या गाड्यांच्या जाहिरातींतच आहे. थार असो, जिमनी असो की गुरखा, विकणारा सर्वांत ठळक काय लिहितो? ‘नेव्हर ऑफ-रोडेड. ओन्ली हायवे ड्रिव्हन. फोर बाय फोर कधीच वापरलेलं नाही.’ म्हैस विकताना ‘हिने आजवर एकदाही दूध दिलेलं नाही’ असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर गिऱ्हाईक दावणीवरूनच परत फिरेल. इथे मात्र जीपेच्छुचे डोळे चमकतात आणि तो या एका ओळीसाठी लाखभर रुपये जास्त मोजायला तयार होतो. समोरचा विकणारा म्हणजे आपणच आहोत, फक्त चार वर्षांनी पुढचे, हे त्याच्या लक्षात येत नाही. त्यानेही अशीच ‘बघतोय, बघतोय’ करून गाडी घेतलेली असते, लडाखचे नकाशे काढलेले असतात आणि शेवटी नंदी हिल्सच्या चांगल्या डांबरी रस्त्याने वर जाऊन उगवत्या सूर्याबरोबर गाडीचा फोटो काढलेला असतो.

कंपन्यांना हे माणसांपेक्षा आधी कळलं. महिंद्राने जानेवारी २०२३ मध्ये केवळ मागच्या चाकांवर चालणारी थार आणली आणि तिची सुरुवातीची किंमत ९ लाख ९९ हजार ठेवली. चेहरा तोच, रुबाब तोच, फक्त जिच्यासाठी गाडीचं नाव झालं ती गोष्ट काढून टाकलेली. पुढे पाच दारांची रॉक्स आली, तिच्यात पेट्रोल इंजिनाला फोर बाय फोर दिलंच नाही, ते फक्त डिझेलला. कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हे. लोक कशाचे पैसे देतात हे पाहूनच ती असं करते. या टू-व्हील थारचा खरा जीपेच्छु मनस्वी तिरस्कार करतो. “ती थार नाहीच,” असं तो गंभीर चेहऱ्याने सांगतो. आपण फोर बाय फोरचा तो दुसरा लिव्हर जन्मात ओढणार नाही याची त्याला खात्री असते, पण तो ओढता येणार नाही ही कल्पना त्याला सहन होत नाही. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. बँकेतले पैसे बहुतेक लोक खर्च करण्यासाठी ठेवत नाहीत, असावेत म्हणून ठेवतात.

यावर जीपेच्छुचा पहिला बचाव असतो बंगळूरच्या रस्त्यांचा. हे रस्ते म्हणजेच ऑफ-रोड, असं तो म्हणतो आणि सगळे हसतात. युक्तिवाद म्हणून हे टिकत नाही. खड्डा हा ऑफ-रोड नसतो, तो रोडच असतो. त्यासाठी हवी जमिनीपासूनची उंची आणि मऊ सस्पेन्शन. थारची उंची २२६ मिलिमीटर आहे हे बरंच. पण लॅडर फ्रेमवरची ही गाडी खड्ड्यात जी उसळी घेते, ती पाहता मागच्या सीटवरच्या माणसाला गुणी हॅचबॅकच आठवते. त्यात या गाड्यांची फोर बाय फोर यंत्रणा ‘पार्ट टाइम’ असते. पुढच्या आणि मागच्या चाकांना ती एकाच गतीने बांधून टाकते, आणि वळणावर तर दोघांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. चिखलात चाकं घसरून ही तफावत निघून जाते. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते, मग ताण गिअरवर येतो. म्हणजे सिल्क बोर्डच्या चौकात हा लिव्हर वापरणं मॅन्युअललाच मंजूर नाही. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात बंगळुरात दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागतात अशी नोंद होती, म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर. या वेगाला टेकडी चढायचा लो गिअर खरोखर शोभला असता, ही खंत वाटली तर वाटू द्यावी. (त्याच यादीत पुणे लगेच खालच्या क्रमांकावर आहे, त्यामुळे माहेरचं कौतुक करायचीही सोय नाही.)

दुसरा बचाव पुराचा, आणि तो जरा वजनदार आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बेलंदूर, आउटर रिंग रोड, सर्जापूर रोडवरचा रेनबो ड्राइव्ह लेआउट पाण्याखाली गेला, तेव्हा लॅपटॉप छातीशी धरून लोक ट्रॅक्टरमधून ऑफिसला गेले. ती छायाचित्रं जीपेच्छुने जपून ठेवलेली असतात. कंपनीच्या आकड्यानुसार थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, गुरखा ७०० मधून, आणि बिचारी जिमनी ३०० मधून. पण त्या पुरात गाड्या बुडाल्या त्यातल्या कितीतरी तळघरातल्या पार्किंगमध्ये उभ्या होत्या. उभ्या गाडीला पाण्यातून जाण्याची क्षमता असून नसून सारखीच. आणि शेवटी लोकांना बाहेर काढलं ते ट्रॅक्टरने. त्या न्यायाने जुना ट्रॅक्टर पाहायला हवा, पण तो सोसायटीत लावू देत नाहीत.

डोंगराचं काय, तर तिथलाही पुरावा त्याच्या विरुद्धच जातो. मडिकेरीहून मांदलपट्टीला जाताना शेवटचा टप्पा खडबडीत आहे, तिथे फोर बाय फोर खरोखर लागतं. तिथे पर्यटकांना वर नेतात ते स्थानिक जीपवाले. गाडी जुनी महिंद्रा, दार दोरीने बांधलेलं, चालकाच्या पायात स्लिपर. आपला माणूस मागच्या बाकावर दांडी धरून बसतो आणि गाडी कशी चालवावी याचं ज्ञान मनातल्या मनात देत राहतो. ज्यांचं पोट या गाडीवर आहे त्यांच्याकडे ती पंचवीस वर्षं जुनी असते. ज्यांचं तिच्यावर काहीच अवलंबून नाही त्यांना ती कमी किलोमीटरची हवी असते.

मराठी जीपेच्छुला आणखी एक भावनिक आधार असतो. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि आजची थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते, म्हणजे हा परकीय शौक नसून घरचीच वस्तू आहे. गुरखा बनवणारी फोर्स मोटर्स पुण्यातल्या आकुर्डीची. तो गुरखा तयार होतो मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला, हे त्याला सांगू नये, दुखावेल. फार ओढाताण झाली तर फॉर्च्युनरही जवळ करता येते, कारण ती बंगळूरजवळच बिडदीला बनते आणि कंपनीच्या नावात किर्लोस्कर आहेत. शहाजीराजांनाही बंगळूरची जहागीर १६३८ च्या सुमारास मिळालीच होती, तेव्हा मराठी माणसाने इथे दमदार वाहन बाळगणं इतिहासाला धरूनच आहे.

याच अस्मितेपायी तो पुण्या-नाशिकची एमएच पाटीची गाडी शोधतो. इथे भावना संपते आणि आरटीओ सुरू होतं. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, मग कर्नाटकाचा आजीवन कर. दहा ते वीस लाखांच्या गाडीला तो १७ टक्के, वर उपकर. गाडीच्या वयानुसार त्यात सूट मिळते. महाराष्ट्राकडून भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, त्यासाठी तिकडे खेटे घालायचे. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंदी आल्यापासून तिकडच्या पजेरो आणि फॉर्च्युनर दक्षिणेकडे स्वस्तात येतात. त्यांचंही गणित याच खिडकीपाशी येऊन बिघडतं. केए पाटीची गाडी दिसायला महाग असली तरी हिशेबाला बहुधा तीच परवडते.

आता थांबण्याविषयी. जीपेच्छु थांबतो तो आळसाने नव्हे. दर वर्षी त्याला थांबायला सबळ कारण मिळतं. १५ ऑगस्ट २०२० ला नवी थार दाखवली गेली, तेव्हा जुन्या थारचे भाव पडतील म्हणून तो थांबला. जून २०२३ मध्ये जिमनी १२ लाख ७४ हजारांना आली, तेव्हा तुलना करायला थांबला. त्याच डिसेंबरात थंडर एडिशनच्या नावाखाली तिचा दर दोन लाखांनी उतरला आणि थांबण्यातच शहाणपण असतं हे त्याला कायमचं पटलं. १५ ऑगस्ट २०२४ ला रॉक्स आली. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला. यातला प्रत्येक निर्णय वेगवेगळा पाहिला तर बरोबर आहे, आणि सगळे मिळून गाडी आलेली नाही. थारसारख्या गाडीचा भाव इतका टिकून राहतो की नवी आणि जुनी यांत फारसं अंतर पडत नाही, मग जुनी कशाला, असाही आक्षेप आहे. तो नव्याकोऱ्या वाटणाऱ्या, कमी चाललेल्या गाड्यांपुरता खरा आहे. म्हणजे पुन्हा त्याच, कधी न वापरलेल्या गाड्यांपुरता.

घरातला आक्षेप मात्र बिनतोड असतो. “अरे, आईंनी यात चढायचं कसं?” तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून, वाकून, आत शिरावं लागतं. यावर त्याचं उत्तर “आई तशाही गावीच असतात” हे असतं आणि ते बोलून दाखवण्याइतका तो मूर्ख नसतो. म्हणून गुणी हॅचबॅक विकायची नाही, ही माझी पहिली अट. दुसरी अट सजावटीची. जेसी रोडवर बुल बार, दिव्यांची पट्टी, भलेमोठे टायर यांच्या दुकानांत त्याचा पाय अडखळतो. बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली आहे, आणि मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. आधीच्या मालकाने हे सगळं लावून ठेवलं असेल तर ती भेट नव्हे, नंबर बदलताना येणारी अडचण आहे.

राहिली तपासणी, जिथे तो खरोखर फसतो. तो सीटचं कापड पाहतो, किलोमीटर पाहतो, रंगावरचे ओरखडे मोजतो. त्यापेक्षा एखाद्या जुन्या मेकॅनिकला घेऊन गाडीखाली शिरावं. डिफरन्शियलचा बोल्ट सोडून तेल बोटावर घ्यावं. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. चासीच्या पोकळीत वाळलेला चिखल आणि गंज किती ते पाहावं. प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याला हाताने हलवावं. आणि ‘कधीच वापरलेलं नाही’ या गुणाची परीक्षा इथेच होते. चारही चाकांची यंत्रणा अधूनमधून फिरवली नाही तर तिच्यातलं तेल सगळीकडे पोचत नाही, सील सुकतात, लिव्हर जाम होतो. वर्षानुवर्षं न ओढलेला लिव्हर दोन्ही हातांनी ओढूनही जागचा हलत नाही, तेव्हा मेकॅनिक कपाळावरचा घाम पुसत “बेडा सर” एवढंच म्हणतो. नको, एवढाच त्याचा अर्थ. उलट ज्या मालकाने महिन्या-दोन महिन्यांतून गाडी सकलेशपूरच्या कच्च्या रस्त्याला घातली, धुऊन काढली, तेल वेळेवर बदललं आणि बिलं ठेवली, त्याची ओरखडे पडलेली गाडी जास्त भरवशाची आणि तीही कमी भावात मिळते, कारण बाकीचे जीपेच्छु तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

तेव्हा घ्या. केए पाटीची, मधल्या किलोमीटरची, बाजूला थोडी खरचटलेली, सजावट नसलेली डिझेल घ्या. पाहायला जाताना चौकात नव्हे, एखाद्या मोकळ्या मातीच्या प्लॉटवर बोलवा आणि मालकालाच म्हणा, लो रेंजमध्ये टाकून दाखवा. त्याला लिव्हर कसा टाकायचा हेच आठवेना, तर पन्नास हजार कमी करून मागा.