हाताला हात लावा

मराठी घरात नववर्षाचा संकल्प करायला एक पुरुष लागतो आणि तो पाळायला एक बाई. अपवाद असतील. अपवादांनी आम्हाला पत्र जरूर लिहावं, फक्त पाठवण्यापूर्वी ते बायकोला वाचायला द्यावं.

३१ डिसेंबरच्या रात्री घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घोषणा होते. 'या वर्षी ८४ वरून ७२. नक्की!' खाली दंड फुगवलेला पिवळा हात. आत्या टाळ्या पाठवते, मेहुणा 'भावजी, मानलं' म्हणतो, पुतण्या जिमच्या सवलतीची लिंक टाकतो. बारा किलोंपैकी एक ग्रॅमही अजून उतरलेला नसतो, पण अभिनंदनाचा पहिला हप्ता जमा झालेला असतो. न्यूयॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच प्रयोग करून दाखवलं. आपला इरादा ऐकून दुसऱ्यानं मान डोलावली की माणसाला थोडंफार काम झाल्यासारखंच वाटतं, आणि प्रत्यक्षात तो कमी मेहनत घेतो. उरलेली मेहनत कुठे जाते, ते त्यांनी तपासलं नाही. आम्ही तपासलं. ती ओट्यापाशी उभी होती.

'सकाळी मोड आलेले मूग' ही ओळ डाएटच्या कागदावर फार निरागस दिसते. बुधवारी मूग खायचे तर सोमवारी रात्री भिजत घालावे लागतात, मंगळवारी उपसून फडक्यात बांधावे लागतात. त्यातून जानेवारी. थंडीत मोड रुसतात. मग ती पुरचुंडी कधी पिठाच्या डब्याआड, कधी गरम कुकरच्या शेजारी, अशी ऊब शोधत घरभर हिंडते. तिला हिंडवणारी व्यक्ती संकल्पकर्ता नसते. त्याची आणि मुगांची भेट थेट वाटीत होते, लिंबू पिळल्यावर. बदामांचंही तेच. रात्री भिजतात, सकाळी सोललेले असतात. मधे काय घडतं हे त्याच्या लेखी निसर्गाचं गूढ. आणि सगळ्यात मोठा वार म्हणजे 'गहू बंद, आता ज्वारी'. पोळ्या सकाळी साडेसातला करून डब्यात ठेवता येतात. भाकरी तव्यावरून ताटात पडली तर भाकरी, तासाभरानं तिचा पुठ्ठा होतो. म्हणजे तो गहू सोडणार पाटावर बसून, आणि ती भाकऱ्या थापणार उभ्यानं.

आहाराच्या बाबतीत महाराष्ट्राची फाळणी होऊन आता बरीच वर्षं झाली. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. (मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे श्रेय ते मोकळेपणानं देतात.) ऋजुता दिवेकर सांगतात, तूप सोडू नका, आपल्या मातीतलं खा, आजीला विचारा. दोन्ही बाजूंचे भक्त समाजमाध्यमांवर एकमेकांना फोडणीत टाकत असतात. आमचा वाद दोघांशीही नाही. आमचा प्रश्न शेगडीचा आहे. सासरे दीक्षितवाले, नवरा दिवेकरवाला आणि कॉलेजातला मुलगा सहा अंड्यांच्या पांढऱ्यावाला असेल, तर हा वैचारिक संघर्ष रोज सकाळी दोन बर्नरवर मिटवावा लागतो. मिटवणारी स्वतः काय खाते? उरलेलं. त्या पद्धतीवर अजून कुणी पुस्तक लिहिलेलं नाही.

बाहेरच्या बाजाराला हे सगळं पाठ आहे. स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि उलरिके मालमेंडियर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या नोंदी चाळून २००६ मध्ये एक निबंध छापला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे सभासद सरासरी महिन्यातून चार-पाच वेळाच उगवत. दर खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच जिममध्ये खेपेला १० डॉलरचा पास मिळत होता, पण तो घ्यायचा म्हणजे आपण रोज येणार नाही हे काउंटरवरच कबूल करायचं. तेवढी हिंमत असती तर माणूस जिममध्ये कशाला आला असता? जिमचा धंदा गैरहजेरीवर चालतो, आणि आपण वर्षाचे पैसे एकदम भरून तिला प्रोत्साहन देतो. बरं, गेला की घामट टीशर्ट घरी येतो, न गेला की कारणं. धुवायला दोन्ही तिच्याकडेच.

(व्यायामाच्या सायकलवर टॉवेल वाळत घालायचा विनोद आम्ही इथे करणार नाही. तो आता टॉवेलइतकाच विरला आहे.)

आता १०,००० पावलं. हा आकडा कुठल्या ऋषींनी दिला? टोकिओचं ऑलिम्पिक १९६४ साली झालं, जपानात व्यायामाचं वारं सुटलं, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. यंत्राच्या नावातच दहा हजार होते. म्हणजे दवाखान्यातून नव्हे, दुकानातून तो आकडा आपल्या मनगटावर आला. पुढे हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी १६,००० हून अधिक वयस्क अमेरिकी स्त्रियांच्या पावलांचा हिशेब मांडला. २०१९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दिवसाला सुमारे २,७०० पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि ७,५०० च्या आसपास फायद्याची चढण संपली. तरी आपले काका रात्री पावणेबाराला हॉलमध्ये सोफ्याला प्रदक्षिणा घालताना दिसतात, कारण ९,६१२ झालेत.

ओळखीतल्या एका गृहस्थांनी नवं घड्याळ 'बरोबर मोजतंय का बघू' म्हणून सुट्टीच्या दिवशी बायकोच्या मनगटाला बांधलं. घरी पाहुणे होते. दुपारी दोनला घड्याळ थरथरलं आणि पडद्यावर फटाके फुटले. गृहस्थांच्या मते यंत्रात दोष होता. पोळ्या लाटताना हात हलतो तेही ते पावलांत धरतं म्हणे. त्यांनी घड्याळ तत्काळ परत घेतलं. हाच हात बाल्कनीत उभ्या उभ्या फोनवर बोलताना त्यांचाही हलतो, पण ती पावलं वैध असतात.

आकड्यांची इतकीच हौस असेल तर सरकारी आकडे घ्या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. हात न लावणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत. २०१९ च्या पाहणीत पुरुषाचा आकडा ९७ होता. म्हणजे भारतीय पुरुषानं पाच वर्षांत काहीतरी खात्रीनं उतरवून दाखवलं आहे, नऊ टक्क्यांहून अधिक, तेही जिम न लावता. बाईचे २९९ वरून २८९ झाले. तिची घट तीन टक्क्यांच्या आसपास. तिनं जरा मनावर घ्यायला हवं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, 'मग बरंच आहे की, घरकाम हाच व्यायाम. आमची आई कुठे जिमला गेली होती?' हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल मागते, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. ओट्यापाशी उभं राहण्यानं पोटऱ्या दुखतात, गुडघे कुरकुरतात, पण त्यातल्या बऱ्याच कामांनी दम काही लागत नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासाप्रमाणे भारतात पुरेशी हालचाल न करणारे पुरुष ४२ टक्के आहेत आणि बायका ५७ टक्के. दिवसभर उभी, आणि कागदावर बैठी.

सत्यनारायणाच्या पूजेतला संकल्प आठवा. गुरुजी शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार सगळं म्हणून घेतात. गोत्र विचारतात. यजमान पाटावर सोवळं सावरत बसलेले. मग गुरुजी शेजारी बघून सांगतात, 'वहिनी, हाताला हात लावा.' वहिनी लावतात, पळीभर पाणी ताम्हनात पडतं, संकल्प यजमानांचा होतो. सव्वा मापाचा रवा कुणी भाजला, पंचामृताच्या वाट्या कुणी मांडल्या, शेजारच्या चाळीस घरांना आमंत्रण कुणी दिलं, याचा उल्लेख ना संवत्सरात ना अयनात. तरी त्या संकल्पाची एक गोष्ट मानली पाहिजे. दोन-अडीच तासांत तो पुरा होतो आणि शिरा हातावर पडतो. १ जानेवारीच्या संकल्पात वहिनींनी वर्षभर हाताला हात लावून बसायचं, आणि शिरा बंद.

वर्षभर कशाला, एकवीस दिवस पुरेत, असं प्रेरणादायी वक्ते सांगतात. हा एकवीसही असाच वाट चुकून आलेला आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. नाक बदललेल्या रुग्णाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी पाहिलं आणि १९६० च्या पुस्तकात लिहिलं. नाकाचा हिशेब पोटाला कसा लागू झाला, देव जाणे. लंडनच्या फिलिपा लाली यांनी माणसांना खरोखरच रोज एक नवी गोष्ट करायला लावून मोजलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८, तर कुणाला थेट २५४. लीप वर्ष नसेल तर सहासष्टावा दिवस ७ मार्चला येतो. ८ मार्चला महिला दिन. 'आज तू स्वयंपाक करायचा नाहीस' म्हणून सगळे बाहेर जेवायला जातात, नान आणि पनीर मागवतात, आणि आदल्याच दिवशी लागलेली सवय दुसऱ्या दिवशी सुटते. स्त्री-सन्मानासाठी एवढा त्याग करावाच लागतो. २५४ वा दिवस ११ सप्टेंबरला पडतो. गणपतीच्या आगेमागचे दिवस. मोदकांपुढे लंडनचं काय चालणार?

तिचा संकल्प नसतो का? असतो. 'रोज अर्धा तास चालायचं.' एवढाच. ग्रुपवर टाकण्याजोगा नाही, त्यात कुठला आकडा वरून खाली येत नाही. आणि १ जानेवारीशी त्याचं काही नातं नाही. आधी धाकट्याची दहावी होऊ दे. मग उन्हाळ्यात नणंदेची मुलं येणार. मग पाऊस, मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचे खाडे लिहिलेत, गॅस लावल्याची तारीख आहे, कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या आहेत. त्यात चालण्यासाठी मोकळा चौकोन सापडेस्तोवर नवं कालनिर्णय येतं.

सिंहगडावर रविवारी सकाळी जा. पायथ्याशी हजारोंचे बूट, पाठीवर पाण्याची नळी असलेल्या पिशव्या, वर पोचल्यावर वेळ नोंदवणारी बोटं. मग कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. ते दही पुढे करणाऱ्या मावशींपैकी कित्येकींनी उमेदीची वर्षं डोक्यावर ओझं घेऊन तो गड चढण्यात घालवली आहेत. त्यांची वेळ कुठल्याही अ‍ॅपवर नाही. त्यांना कुणी विचारत नाही, 'मावशी, पर्सनल बेस्ट किती?' विचारतात ते, 'सुटे आहेत का?'

राहिली आयुष्याची उद्दिष्टं. ती हल्ली एक्सेलमध्ये असतात. जॉर्ज डोरन नावाच्या सल्लागारानं १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठी 'स्मार्ट' उद्दिष्टांची युक्ती मांडली: नेमकी, मोजता येणारी, मुदत ठरलेली वगैरे. कंपनीसाठी ठीक होती. आता ती घरी आली आहे. एसआयपी वाढवणे, ५२ पुस्तकं वाचणे, जर्मन शिकणे, पहाटे पाचला उठणे, आणि आठव्या ओळीत 'कुटुंबाला वेळ देणे (रविवार, ४ ते ६)'. एप्रिलमध्ये साहेबानं असाच तक्ता पुढे केला की याच माणसाच्या कपाळाची शीर ताडताड उडते. घरी मात्र तो स्वतःच साहेब आहे, आणि पहाटे पाचला त्याला उठवणारी, चहा टाकणारी, 'अहो, पाच वाजले' असं तीनदा सांगणारी ती कोण, तर बहुतेक मानव संसाधन विभाग.

आणि मग येते संक्रांत. साखर बंद झालेल्या घरात तिळाच्या वड्या होतात, कारण सोसायटीत वाटायच्या असतात, सासूबाईंच्या भिशीत द्यायच्या असतात. संकल्पकर्ता ऑफिसातून येतो, हात न धुता डब्याचं झाकण उघडतो. 'एकच. परंपरा म्हणून.' पाचव्या परंपरेनंतर तो गंभीर होतो. ८४ चे ८५ झालेत, हे त्याला सकाळीच कळलेलं आहे आणि त्याची जबाबदारी कुणावर तरी टाकायची आहे.

'तुला सांगतो, घरातूनच सपोर्ट नसेल ना, तर माणूस काही करू शकत नाही. डोळ्यांसमोर गोड ठेवल्यावर संपलंच.'

'मग डोळे घेऊन बाहेर जा ना. दहा हजार पावलं. डबा इथेच राहणार, उद्या हळदीकुंकू आहे. आणि पिशवी न्या. येताना अर्धा किलो गूळ आणा, वड्या परत कराव्या लागणार.'