शून्य पूर्णांक एकतीस

अण्णांची मारुती ८०० दर सोमवारी सकाळी सेल्फ घेत नाही, याचं अण्णांना फारसं दुःख नाही. शुक्रवारी संध्याकाळी बॅटरीत जे शिल्लक होतं ते सोमवारपर्यंत कोणाच्या खाती खर्ची पडलं हे कळत नाही, याचं आहे. सगळी नोकरी त्यांनी स्थानिक निधी लेखापरीक्षेत काढली. एका पंचायत समितीच्या रोखवहीत साडेतीन रुपयांचा फरक आला, तेव्हा तो सापडेपर्यंत तिथल्या लेखा शाखेला त्यांनी वेळेवर घरी जाऊ दिलं नव्हतं. हे ते स्वतःच सांगतात, आणि अभिमानानं. "मोठा अपहार कोणीही पकडतो हो. तो लांबूनच दिसतो. अक्कल लागते ती किरकोळ फरकाला."

असे अण्णा पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत निघतात. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, अंगात बाह्यांचा बनियन, खिशात टेस्टर. पार्किंगमध्ये एक गाडी, जिला विकून भंगाराचा भाव येईल आणि जिला विकायचं नाव काढलं तर घरात दोन दिवस अबोला होईल. टाकीचा बॉल कॉक, जिन्यातला दिवसा जळणारा दिवा, लिफ्टमधला रिकाम्या लिफ्टला वारा घालणारा पंखा, जिथे म्हणून काही हळूहळू वाया जातं तिथे ही मंडळी आपणहून हजर असतात. इतरांचं तळं थेंबे थेंबे साचतं. यांना ते थेंबे थेंबे आटताना दिसतं, आणि आटताना पाहूनच त्यांना तरतरी येते.

गाडी १९९८ ची. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत उभं राहून अण्णांनी नोंदणी वाढवून आणली, आणि पुढे दर पाच वर्षांनी तोच सोहळा केला. २०१४ साली कंपनीनं ही गाडी बनवणंच थांबवलं. "कंपनी थकली," अण्णा म्हणाले, "आम्ही नाही." प्रत्येक पावती पंच करून फाइलला लावलेली आहे. ही फाइल पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

बॅटरी पहिल्यांदा बसली तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. वॉचमन म्हणाला, "धक्का मारू, दुसऱ्या गिअरमध्ये उठते." बॅटरीवाल्यानं लोड टेस्टरला हात न लावताच निकाल दिला, "काका, सेल गेलाय. नवी टाका." तिसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांनी उंदरांवर संशय घेतला. नाना पेठेतल्या वायरमननं तर विषयच संपवला, "रात्री काळी वायर काढून ठेवायची, सकाळी लावायची." काकूंचा सल्ला सर्वांत जुना होता आणि त्यात पुढे कोणी खरेदीदार यायचा होता.

अण्णांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "रोकड कमी भरली म्हणून कोणी तिजोरी बदलतं का?"

वायरमनचा सल्ला मात्र त्यांनी वापरला, उपाय म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. बॅटरी पूर्ण चार्ज करून घेतली, एक रात्र काळी वायर सोडून ठेवली. संध्याकाळी १२.६ व्होल्ट, सकाळी १२.५. बारा व्होल्टच्या बॅटरीत खरे बारा उरले की ती जवळजवळ रिकामी असते, हे त्यांनी मला जिन्यात थांबवून समजावलं. माझ्या हातात दुधाची पिशवी होती. "म्हणजे काय?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत सांगितलं, "बॅटरी निर्दोष. खर्च बाहेर होतोय."

रविवारी पार्किंगमध्ये दप्तर मांडलं गेलं. प्लॅस्टिकची खुर्ची, वही, दहाचा पाना, चष्म्याच्या दोन जोड्या आणि मल्टिमीटर. काळी वायर बॅटरीच्या टर्मिनलवरून काढायची आणि त्या दोघांच्या मध्ये मीटर लावायचा, म्हणजे गाडी जो काही करंट खाईल तो मीटरमधून मोजून जाईल. आकडा आला ०.७३ अँपिअर. अण्णांचा चेहरा उजळला. पाऊण अँपिअर! इतका मोठा आक्षेप निवृत्तीनंतर त्यांच्या हाती लागला नव्हता. तो आनंद सातवीतल्या एका मुलीनं घालवला. "आजोबा, दार उघडं आहे. आतला दिवा लागलाय."

पाच वॅटचा दिवा म्हणजे साधारण ०.४ अँपिअर. अण्णांनी दाराच्या चौकटीतलं बटण चिकटपट्टीनं दाबून बसवलं, ०.४१ वजा केले, उरले ०.३२. मुलीला बक्षीस म्हणून एक श्रीखंडाची गोळी, आणि "निरीक्षण चांगलं आहे" असा शेरा मिळाला. वहीत हिशेब पडला. शुक्रवार संध्याकाळी सात ते सोमवार सकाळी सात म्हणजे साठ तास. साठ गुणिले ०.३२ म्हणजे साधारण एकोणीस अँपिअर-अवर. बॅटरी पस्तीसची, तीही नवी असतानाची. अर्ध्याहून जास्त गेल्यावर सेल्फ फिरवायला राहतंच काय? "सोमवारच का, हे तरी सुटलं," अण्णा म्हणाले. हे वाक्य ऐकायला तेव्हा आठ माणसं गोळा झाली होती. पुण्यात बॉनेट उघडं दिसलं की तेवढी होतातच.

त्या आठांपैकी एका इंजिनिअरिंगच्या मुलानं, मीटर लावलेलाच असताना, मदत म्हणून चावी फिरवली. दहा अँपिअर मोजणाऱ्या मीटरमधून सेल्फचे शंभरेक अँपिअर जाऊ बघत होते. मीटरच्या पोटातला फ्यूज गेला. अण्णा त्याला रागावले नाहीत. फक्त विचारलं, "कितवं वर्ष?" तो म्हणाला, "तिसरं." अण्णांनी वहीत काहीतरी लिहिलं. फ्यूज आणायला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जावं लागलं, आणि पुढची सुनावणी पुढच्या रविवारवर गेली. दारावर तेव्हापासून पाटी लागली: 'तपासणी चालू आहे. चावीस हात लावू नये.'

पुढचा रविवार फ्यूजांचा. डॅशखालच्या पेटीतला एकेक फ्यूज उपसायचा आणि मीटरकडे बघायचं. ज्याच्या उपसण्यानं आकडा पडेल, गळती त्याच्या हद्दीत. हॉर्नचा काढला, काही नाही. वायपरचा काढला, काही नाही. स्टिरिओचा काढला, ०.०१ नं उतरला. "ते त्याच्या घड्याळाचं. मंजूर खर्च." शेवटचा फ्यूज निघाला तेव्हा पेटी रिकामी होती आणि मीटर ०.३१ दाखवत होता. अण्णा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. सगळी खाती बंद आणि रक्कम जातेच आहे! बेहिशेबी खर्च. पुस्तकात नोंदच नाही.

मग संशय अल्टरनेटरवर गेला. त्यातले डायोड करंट एकाच दिशेनं जाऊ देतात. एखादा खराब झाला तर गाडी बंद असताना बॅटरीतलं उलटं वाहू लागतं, आणि ती जाड वायर फ्यूजांच्या पेटीतून येत नाही. अण्णांनी आधी बॅटरी सोडवली, जाड वायर काढली, टोकाला टेप गुंडाळली, पुन्हा मीटर लावला. ०.३१. अल्टरनेटरही सुटला. वॉचमननं पुन्हा धक्क्याचा प्रस्ताव मांडला.

खरी गोष्ट बॅटरीच्या लाल टर्मिनलवर होती आणि तिथे इतके दिवस कोणी बघितलंच नव्हतं. कारखान्यातून निघालेली कार्बोरेटरची ८०० बंद उभी असताना जवळजवळ काहीच खात नाही. तिच्यात जागं राहणारं काही नसतंच. जे खातं ते आपण नंतर बसवलेलं. अण्णांच्या लाल टर्मिनलवर मूळ वायरींच्या जोडीला आणखी चार वायरी होत्या, नटाखाली पीळ मारून दाबलेल्या. ॲक्सेसरीवाल्यांचा तो लाडका मार्ग, 'डायरेक्ट'. ना फ्यूज, ना विचारपूस. अण्णांनी टेप सोलत एकेकीचा माग काढला आणि घराचा पंचवीस वर्षांचा इतिहास वर आला. निळी वायर अँप्लिफायरची. मुलगा कॉलेजात होता तेव्हाची, अँप्लिफायर केव्हाच गेला, वायर मागच्या सीटखाली कोणालाच न भेटता संपत होती. हिरवी, गाडी मागे घेताना वाजणाऱ्या भजनाची. पिवळी, काकूंना उकडतं म्हणून लावलेल्या छोट्या पंख्याची, त्याच्या आठवणीनं काकू गॅलरीतून म्हणाल्या, "तो एक महिना चालला."

चौथी, तपकिरी, काढली आणि मीटर ०.०० वर आला.

टाळ्या पडल्या. अण्णांनी हात वर करून त्या थांबवल्या, वायर परत लावली, थोडा वेळ जाऊ दिला, आणि तिच्या मागोमाग डॅशखाली शिरले. पाय बाहेर, आवाज आतून: "गरम आहे!" रात्रभर बंद असलेल्या गाडीत जे हाताला गरम लागतं ते काम करत असतं. तिथल्या एका डबीतले दोन रिले ओढलेल्या अवस्थेत अडकले होते. अशा एकेका रिलेची कॉइल दीडशेच्या आसपास मिलिअँपिअर खाते. दोघांचे मिळून झाले तीनशे, आणि वरचे दहा एका लाल दिव्याचे, जो डॅशखाली कोणाच्याही नजरेला न पडता लुकलुकत होता. डबीवर लिहिलं होतं: कार सिक्युरिटी सिस्टिम. तिचा भोंगा कित्येक वर्षांपूर्वी मुका झाला होता. रिमोट नातवानं खेळण्यात नेला होता. यंत्रणा मात्र कामावर हजर होती.

सोमवारी गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. मी अभिनंदन केलं तर अण्णा म्हणाले, "अजून कुठे? जबाबदारी निश्चित व्हायचीय." आणि त्यांनी बंगळूरला मुलाला फोन लावला.

"हा अलार्म तू बसवलास."

"बाबा, मी अँप्लिफायर बसवला. अलार्मला मी नको म्हणालो होतो."

"लेखी आहे का?"

लेखी होतं. फाइल आली. २००३ सालचं बिल सापडलं, पंच केलेलं, अनुक्रमांक घातलेला. मागच्या बाजूला लाल शाईत, वळणदार अक्षरात शेरा होता: 'शेजारच्या इमारतीतील वाहनचोरी विचारात घेता खर्च योग्य व आवश्यक.' खाली अण्णांची पूर्ण सही, तारखेसह.

काकूंनी चष्मा लावून तो शेरा मोठ्यानं वाचला, आणि दुसऱ्यांदा, जोशी ऐकू शकतील इतक्या मोठ्यानं वाचला. "अहो, आता आक्षेप कोणावर काढणार?"

अण्णा गडबडले नाहीत. अशा प्रसंगांसाठी खात्यानं त्यांना तयार केलं होतं. त्यांनी वही उघडली, लाल पेन घेतलं आणि लिहिलं: 'खर्चास मंजुरी देणारे अधिकारी सेवानिवृत्त. वसुली शक्य नाही. परिच्छेद वगळण्यात यावा.'