शेजाऱ्याचं उत्पन्न कसं मोजावं? (नवशिक्यांसाठी)

साहित्य: एक शेजारी, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मोबाइल आणि रविवारची रिकामी दुपार. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात चारही गोष्टी सहज मिळतात. मेगाब्लॉक असेल तर दुपार वाटेल तितकी लांबवता येते.

नवशिके एक चूक हमखास करतात: ते सरळ विचारतात. "किती सुटतात हो महिन्याला?" यावर बदलापूरकर "भागतंय कसंबसं" म्हणतो आणि ईएमआयचा विषय काढतो. उल्हासनगरचा कापडवाला "साईं, धंदा ही नहीं है" म्हणत दुसरी फॅक्टरी टाकतो. अंबरनाथ एमआयडीसीतला कारखानदार विजेचं बिल दाखवतो. म्हणून विचारू नका, शोधा.

पायरी पहिली. फ्लॅटपासून सुरुवात करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन फुकट बघता येते. देणार कोण, घेणार कोण, मोबदला किती, बाजारभाव किती, सगळं तिथं असतं. आपल्याकडच्या दस्तांवर 'उहन' अशी अक्षरं दिसतील. ते उल्हासनगरच्या दुय्यम निबंधकाचं लघुरूप, घाबरू नका. मिळालेला आकडा हा चेकचा आकडा असतो, पिशवीतला नव्हे, एवढं लक्षात ठेवून त्यात अंदाजानं भर घाला. उल्हासनगरच्या जुन्या वस्तीत मात्र ही पायरी डगमगते. १९४९ साली लष्करी छावणीच्या बराकींतून हे शहर झालं. बराकीला खोली जोडली, खोलीवर मजला चढला. आता सनद आजोबांच्या नावे, ताबा नातवाचा आणि मधला व्यवहार एखाद्या पिवळट स्टॅम्पपेपरवर. तिथं सोडून द्या.

पायरी दुसरी. शेजारी आमदार असेल तर कष्टच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या निकालापासून उमेदवाराला मालमत्ता शपथेवर सांगावी लागते. आता पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्नही द्यावं लागतं, स्वतःचं आणि जोडीदाराचंही. बदलापूरकरांनी मुरबाड मतदारसंघाचं शपथपत्र उघडायचं असतं. नवे रहिवासी उगाच अंबरनाथच्या यादीत शोधत बसतात.

पायरी तिसरी. शेजारी सरकारी नोकर आहे आणि तुम्हाला त्याचं आयकर विवरणपत्र हवंय? मग गिरीश देशपांडे खटला वाचा आणि अर्ज फाडून टाका. अकोल्यातल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याबद्दल देशपांडे यांनी माहिती अधिकारात बरंच काही मागितलं होतं: सेवेतल्या नोंदी, मालमत्ता, विवरणपत्रं आणि त्या अधिकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूंचा तपशील. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही वैयक्तिक माहिती आहे, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय मिळणार नाही. (आहेर ही वैयक्तिक माहिती! आमच्याकडे तर मांडवाच्या तोंडाशी एक काका वही उघडून बसतात आणि पाकिटावरचा आकडा मोठ्यानं वाचून लिहितात. ती वही पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नाआधी कपाटातून निघते.) नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) आणखी आवळलं. त्यातला जनहिताचा अपवाद गेला. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे वाक्यही गेलं. जनहिताचा आधार कलम ८(२) मध्ये अजून उरलाय. तो मागून घ्यावा लागतो.

पायरी चौथी. एवढ्यानं दमला असाल तर गरीब शेजारी निवडा. नवशिक्यांसाठी हीच उत्तम. दस्त लागत नाही, अर्ज लागत नाही. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिकेचा रंगच उत्पन्न सांगतो: पिवळी पंधरा हजारांपर्यंत, केशरी एक लाखापर्यंत, पांढरी त्यावर. रेशन दुकानाच्या रांगेत पिशवीबाहेर डोकावणारं कार्ड बघा, झालं. अंबरनाथ तालुक्यातल्या गावांत पीएम-किसानची यादी गावनिहाय उघडता येते, रोजगार हमीचं जॉबकार्ड नावानिशी दिसतं. आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींचं उत्पन्न मला ठाऊक आहे, कारण दाखल्यासाठी सेतूच्या खिडकीत त्यांना ते मोठ्यानं सांगावं लागलं आणि मी रांगेत त्यांच्या मागे होतो. माझं उत्पन्न त्यांना ठाऊक नाही. माझा फॉर्म सोळा पासवर्डच्या आत असतो.

गरिबाचंच उत्पन्न उघडं पडतं, हे लाडकी बहीण योजनेत नीट दिसलं. दीड हजार रुपयांसाठी अडीच लाखांची मर्यादा आली, घरात आयकर भरणारा नको, चारचाकी नको. केवायसीत नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं गेलं. २०२५ मध्ये आयकर खात्यातली माहिती राज्याच्या महिला व बालविकास विभागाला पडताळणीसाठी द्यायला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं मुभा दिली. म्हणजे आयकराचं कुलूप उघडतं. मात्र दीड हजार घेणारीला तपासायला उघडतं. विभागाच्या पडताळणीत १४,२९८ पुरुष निघाले. लाभार्थ्यांची यादीच प्रभागाच्या फलकावर लागली असती तर बदलापुरात कात्रपच्या नाक्यावर पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं, "दादा, तुम्ही बहीण कधी झालात?" यादी उघडी हवी, हा मुद्दा मला मान्य आहे. पण त्याच फलकावर निराधार विधवेचंही नाव लागतं, आणि तिला नाक्यावरून रोज जावं लागतं.

घेणाऱ्याला असं फलकावर टांगू नये, हे शिलाहार राजांना कळलं असावं. ज्यांच्या काळात, १०६० साली, अंबरनाथचं शिवमंदिर झालं, त्यांच्याच राज्यात दानाच्या जमिनीवर गधेगाळ नावाचे कोरीव दगड उभे राहिले. काहींवर दानाचा तपशील कोरलेला आहे. खालची गाढवासकटची अचाट शिवी मात्र दान मोडणाऱ्याला. दान घेणाऱ्याची दगड कुठंच थट्टा करत नाही.

पायरी पाचवी. ही करायला नॉर्वेला जावं लागेल. तिथं प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न आणि कर कुणालाही बघता येतो, राजकारण्यापासून न्हाव्यापर्यंत. २०१४ पासून एक बदल झाला: तुमचा आकडा कुणी पाहिला, हे तुम्हाला कळतं. शोधणाऱ्यांची संख्या धाडकन कोसळली. ही तरकीब मला पसंत आहे. सगळ्यांचं उघडा, मावशींचं आणि माझं सारख्याच खिडकीत, आणि बघणाऱ्याचं नाव बघितलेल्याला कळू द्या. मग मीही पहिल्या मजल्यावरच्यांची सूची क्रमांक दोन रविवारी तीनदा उघडली नसती.

ते होईपर्यंत तुमचा स्टॅम्प वाया घालवू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयानं आपल्या अधिकाऱ्यांचं आणि कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन न मागता जाहीर करायचं असतं. तुमच्या नगरपरिषदेची किंवा महापालिकेची ती यादी शोधा. सापडली नाही तर जोडपत्र 'अ' भरा, दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवा आणि जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.