बावीस नंबरचं दार

पुण्याच्या या सोसायटीत मला फारसं कुणी ओळखत नाही. जिन्यातल्या पाटीवर माझं आडनाव चुकलंय आणि ते दुरुस्त करावं असं कुणालाही वाटलेलं नाही. इंटरनेटवर मात्र मला प्रचंड मागणी आहे.

घरचे फोटो बाहेरूनही बघता यावेत म्हणून मी जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घेतला आणि लांबून घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं एसएसएचचं बावीस नंबरचं पोर्ट उघडलं. तोवर आमचा पत्ता चाळीतल्या नळासारखा अनेक घरांत मिळून एक होता. नेमकं कुणाकडे शिरायचं हे चोरालाही कळत नसे. आता स्वतंत्र दार झालं आणि त्याच संध्याकाळी कडी वाजू लागली. लॉग उघडला तर ओळीच्या ओळी: रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस. चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड.

बाबा मागून वाचत होते. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे रकाने दिसले की थांबतात.

"हा ओरॅकल कोण?"

"कुणी नाही. अंदाजाने नावं टाकतात."

"मग सांग ना त्याला, इथे राहत नाही म्हणून."

खरं सांगायचं तर मला आधी बरं वाटलं. आपल्याकडे चोरण्याजोगं काहीतरी आहे, असं कुणालातरी वाटतंय! पण हा आनंद टिकला नाही. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं. चांगली जलद लाइन असेल तर एक कॉम्प्युटर पाऊण तासाच्या आत या सगळ्या पत्त्यांवर टकटक करून येतो. म्हणजे माझी निवड वगैरे काही झालेली नव्हती. आमचा नंबर ओघात आला.

बरं, टकटक करणाराही बहुधा माणूस नसतोच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने शेजारच्या तेवीस नंबरच्या, टेलनेटच्या दारावर साठएक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघितल्या आणि तेवढ्यावर लाखो उपकरणं ताब्यात घेतली. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. त्यांत सीसीटीव्ही कॅमेरे भरपूर. चोरावर लक्ष ठेवायला भिंतीवर टांगलेला कॅमेरा रात्रभर लोकांची कुलपं चाचपतोय, आणि मालक खाली निवांत झोपलाय!

मी बंदोबस्त केला. पासवर्डने आत येणंच बंद केलं. आता फक्त किल्लीची फाइल चालते. वर फेलटूबॅन बसवलं. पाच वेळा चुकलात की दहा मिनिटं दार बंद.

"दहाच मिनिटं?" आई म्हणाली. तिच्या मते ही शिक्षा नव्हे, चहाची सुट्टी आहे.

बाबांना मात्र नाद लागला. मी त्यांना क्लिफर्ड स्टॉलची गोष्ट सांगितली. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कॉम्प्युटर-वापराच्या हिशेबात पंच्याहत्तर सेंटचा फरक आला. स्टॉल मूळचा खगोलशास्त्रज्ञ. तो त्या फरकामागे लागला आणि माग काढत पार पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचला. तिथला हॅकर सोव्हिएत गुप्तहेरांना माल विकत होता. पंच्याहत्तर सेंटसाठी एवढा खटाटोप, याचं बाबांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "हिशेब जुळल्याशिवाय घरी कसा जाईल?" एवढंच म्हणाले. स्टॉलने चोराला लाइनवर रेंगाळत ठेवायला खोट्या सरकारी कागदांचा ढीग रचला होता, हे ऐकल्यावर मात्र त्यांचे डोळे चमकले.

त्यांच्या हट्टापायी जुन्या रास्पबेरी पायवर काऊरी बसवलं, घरच्या नेटवर्कपासून अलग ठेवून. हे खोटं दार. आत खोटे फोल्डर, खोट्या फाइली. पाहुणा काय काय टाइप करतो ते सगळं नोंदलं जातं आणि मागाहून बघता येतं. मी खऱ्या दाराचा नंबर बदलला आणि बावीस नंबर बाबांना दिला.

तेव्हापासून सकाळी पेपरच्या आधी पाहुण्यांची तपासणी होते. पासवर्डवरून शेरे पडतात: "एक दोन तीन चार पाच सहा! काही कष्ट नकोत यांना."

परवा एकावर मात्र ते खूश होते. "हा आला, प्रोसेसर किती आहेत ते मोजलं, मग आधीचा कुणी चोर आत बसलाय का ते शोधलं आणि त्याला हाकलायचा हुकूम सोडला. त्याची उरलीसुरली फाइलसुद्धा पुसायला निघाला. स्वच्छतेची काय आवड आहे बघ!"

आतून आईने विचारलं, "माळा आवरायला येईल का?"