अथाल एकट्याने कसे पाहावे

पाठीवर सॅक टाकून बल्गेरियातल्या प्लोव्दिव्हला एकट्याने जावे, जुन्या शहराच्या दगडी गल्ल्यांतून भटकावे, अनोळखी माणसांशी गप्पा माराव्यात आणि परत आल्यावर वर्षभर नातेवाइकांना त्या ऐकवाव्यात, अशी हल्ली पद्धत आहे. पद्धतीला आमचा विरोध नाही. पण व्हिसा, विमानाचे तिकीट आणि रजा या तिन्हींचा मेळ ज्यांना बसत नाही, त्यांनी हिरमुसू नये. दादरा-नगर हवेलीत, सिल्वासा-नरोली रस्त्यावर, दमणगंगेच्या काठी अथाल आहे. तिथेही एकट्याने जाता येते. एकटे राहता येते का, तो प्रश्न वेगळा.

आधी साम्यस्थळे पाहू, म्हणजे मनाची तयारी होईल. प्लोव्दिव्ह मारित्सा नदीवर आहे आणि तिथे मॅसिडोनियाचा फिलिप, रोमन, तुर्क असे सगळे येऊन गेले. आपल्याकडे मराठे आणि पोर्तुगीज झाले. 'सांताना' या पोर्तुगीज जहाजाचे मराठ्यांच्या आरमाराने नुकसान केले होते. त्याची भरपाई म्हणून 1779 च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगिजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे देऊ केली. पोर्तुगीज वसुलीला म्हणून आले ते 1954 पर्यंत हलले नाहीत. प्लोव्दिव्हला सात टेकड्या होत्या. त्यांतली एक लोकांनी दगडासाठी फोडून संपवली आणि आता त्या जागी तिच्याच नावाचा मॉल आहे. टेकडीची खडी करण्याची विद्या आपल्यालाही अवगत असल्याने इथे परके वाटण्याचा प्रश्नच येत नाही.

आता प्रवास. वापी स्टेशनला उतरावे, किंवा भिलाडला उतरून नरोलीमार्गे यावे. दोन्हीकडून आधी गुजरात लागतो. परप्रांतातून जाण्याचा आपल्याला हक्क आहे का, अशी शंका हळव्या प्रवाशाला येऊ शकते. तिचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 12 एप्रिल 1960 रोजी लावून ठेवला आहे. दावा पोर्तुगालने भारतावर लावला होता आणि वाद दमणहून या गावांकडे जाण्याच्या वाटेचा होता. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हती, असे न्यायालयाने सांगितले. आपण खासगी व्यक्ती आहोत आणि सॅक हा सर्वसाधारण माल आहे, एवढे मनाशी पक्के करून शेअर रिक्षात बसावे. बल्गेरियात मान वर-खाली हलवली की 'नाही' आणि आडवी हलवली की 'हो', असे म्हणतात. आपला रिक्षावाला मान अशी हलवतो की दोन्ही अर्थ निघतात. प्रत्यक्षात तो सांगत असतो, 'बसा, अजून दोन सीट येऊ देत.'

सॅकबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे. युरोपात पाठीवरची सॅक पाहून लोक ओळखतात की हा मुक्त आत्मा आहे. इथे तिचे तीन अर्थ होतात: हा माणूस नोकरीच्या शोधात आला आहे, औषध कंपनीचा एमआर आहे, किंवा बाटल्या नेणार आहे. तिसरा अर्थ परतीच्या वाटेवर जास्त जोर धरतो, कारण गुजरातेत दारूबंदी आणि इकडे हद्द ओलांडल्याबरोबर दुकानांच्या पाट्या. सॅक जितकी महागडी तितका संशय दाट. त्यामुळे शक्य असल्यास कापडी पिशवी न्यावी.

लोकांना भेटावे कसे, या विषयावर परदेशी मार्गदर्शिकांत प्रकरणेच्या प्रकरणे असतात. कॅफेत बसा, हसा, स्थानिक भाषेतले दोन शब्द शिका, वगैरे. अथालमध्ये यातले काहीही करू नये. चहाच्या टपरीवर नुसते उभे राहावे, पहिला प्रश्न आपोआप येतो.

"कुठल्या कंपनीत?"

"कंपनीत नाही, फिरायला आलोय."

"फिरायला? इथं?"

"हो, एकटाच."

यावर विचारणारा क्षणभर गप्प होतो. धुळ्याकडचा असेल तर "घरी सगळं बरं ना, भाऊ?" असे हळू आवाजात विचारतो. मग बाकावर सरकून जागा देतो, चहा सांगतो आणि आपल्या सुपरवायझरचा नंबर देऊ करतो. पॅकिंगला माणूस हवाय, बारा तासांची पाळी आहे, खोलीत चौघे आहोत, पाचवा चालेल. आत्मशोधासाठी आलेल्या माणसाला अर्ध्या तासात नोकरी, बिऱ्हाड आणि मेस देणारे शहर युरोपात असल्यास आमच्या माहितीत नाही. यातून सुटण्यासाठी 'मी लेखक आहे' असे सांगू नये. त्याने सहानुभूती वाढते.

कारण असे, की पाठीवर बॅग टाकून एकट्याने अनोळखी गावात उतरणे ही इथे कोणाला नवलाई नाही. प्लॅस्टिकच्या आणि सूत-धाग्याच्या कारखान्यांसाठी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, खानदेश इथून माणसे तशीच येतात. चेनऐवजी सुतळीने बांधलेली बॅग, खिशात गाववाल्याचा फोन नंबर लिहिलेला चिठोरा. त्यांच्यासाठी मार्गदर्शिका छापायचे कुणाला सुचले नाही, आणि 'एकट्याने प्रवास' या विषयावर ते दोन वाक्यांहून जास्त बोलत नाहीत. दुसरे वाक्य बहुधा सुट्टीत गावी जायच्या गाडीच्या तिकिटाबद्दल असते.

प्रेक्षणीय स्थळे. सिल्वाशात पोर्तुगीज चर्च आहे आणि आदिवासी संग्रहालय आहे. दोन्ही पाहावीत. वारली पोरगा भेटला तर लगेच 'तारपा वाजवून दाखव' म्हणू नये. तो नाइट करून आलेला असतो. इतिहासप्रेमींनी नरोली ते सिल्वासा हा रस्ता जरूर करावा. 1954 साली पोर्तुगिजांच्या ताब्यातून नरोली 28 जुलैला सुटली आणि सिल्वासा 2 ऑगस्टला. त्या मोहिमेत गायक-संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. तेव्हा पाच दिवस लागले तेवढ्या अंतराला रिक्षावाला आज 'पाच मिनिट' म्हणतो. पुढची सात वर्षे कारभार वरिष्ठ पंचायतीकडे होता, आणि 1961 मध्ये विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंसमोर तोलामोलाची सही हवी म्हणून बदलानी नावाचे आयएएस अधिकारी एक दिवसापुरते इथले पंतप्रधान झाले. लॉजवाल्याने 'एकटेच?' म्हणून आधार कार्ड उलटसुलट पाहिले, तर हा दाखला आठवून ताठ उभे राहावे.

संध्याकाळी दमणगंगेच्या पुलावर जावे. ही नदी नाशिक जिल्ह्यात उगम पावते, गुजरात आणि हवेलीतून वाट काढत दमणला समुद्रात शिरते, आणि तिला कुणी कंपनी विचारत नाही. पुलावर कठड्याला टेकून फार वेळ मात्र उभे राहू नये. एकटा माणूस पुलावर तंद्री लावून उभा दिसला की मोटरसायकली थांबतात, आणि मघाची चौकशी पहिल्यापासून सुरू होते.

परतताना हद्दीवर सॅक स्वतःहून उघडून दाखवावी. कपडे वर, पुस्तके खाली ठेवावीत; पुस्तके वर असली की खाली काय दडवले आहे, असा प्रश्न पडतो. पाण्याची बाटली जवळ असल्यास ती अर्धी पिऊन ठेवावी. काठोकाठ भरलेल्या बाटलीत पाणीच आहे, यावर तिथे कुणाचा विश्वास बसत नाही.